उन्हाळी, खडीसाखर आणि पाण्याची कॅन

मंगरुळपीर तालुक्यातले शेलूबाजार म्हणजे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. सोयाबीन-तुरीचा हा मुलूख. निंदणाच्या दिवसांत इथल्या बाया सकाळी भाकर बांधून वावरात जातात, त्या दिवस कलल्यावरच घरी येतात. अशा वेळी धुऱ्यावर कानी पडणारे हे बोलणे कोणाच्याही ओळखीचे असेल.

"काहून वं माय, तोंड उतरलं तुहं?"

"काय सांगू काकी, उन्हाळी लागली. लघवीले आग होते, अन् घडीघडी जा लागते."

"मंग पान्यात खडीसाखर घे. उतरते."

बहुतेक घरांत विषय इथेच संपतो. घरधन्याला सांगायची लाज वाटते, डॉक्टरला सांगायची त्याहून जास्त. म्हणून आज या लाजेच्या दुखण्याबद्दल आपण उघडपणे बोलू.

उन्हाळी दोन तऱ्हेची असते. उन्हात घाम जातो, पाणी कमी पडते, लघवी दाट व पिवळी होऊन चुरचुरते. भरपूर पाणी प्याले की ही दिवसभरात थांबते. काकींच्या खडीसाखरेचा गुण येतो तो इथेच, आणि तो साखरेचा नसून तिच्यासोबत पोटात गेलेल्या तांब्याभर पाण्याचा असतो.

दुसरी उन्हाळी जंतूंची. आपल्या आतड्यात राहणारे 'ई. कोलाय' नावाचे जंतू लघवीच्या वाटेने वर चढतात आणि मूत्राशयात वस्ती करतात. बाईची ही वाट जेमतेम दीड इंचाची, म्हणून हे दुखणे पुरुषांपेक्षा बायांना फार. जळजळ, वारंवार लघवी, ओटीपोटात दुखणे, गढूळ किंवा लालसर लघवी ही त्याची लक्षणे. ही उन्हाळी खडीसाखरेने जात नाही. ज्या बाईला मधुमेह आहे तिने तर खडीसाखर घेऊच नये. रक्तातली साखर वाढलेली असली की हे दुखणे अधिक जडते.

आता औषधाच्या दुकानांत आणखी एक साखर आली आहे. तिचे नाव मॅनोज. पुड्यांत मिळते, घरच्या साखरेपेक्षा कितीतरी महाग असते, आणि 'नैसर्गिक' म्हणून विकली जाते. ती खरोखरच निसर्गात आहे. संत्र्यासारख्या फळांतही थोडी असते. तिच्यामागची कल्पनाही शहाणपणाची आहे. गवतातून चालताना कुसळ लुगड्याला धरते, तसे हे जंतू आपल्या बारीक केसांनी मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतात. त्या अस्तरावर मॅनोज साखरेचे कण असतात, तेच ते पकडतात. मग लघवीतच मॅनोज सोडली तर? जंतू तिलाच धरतील आणि लघवीबरोबर वाहून जातील. बोंडअळीच्या पतंगाला आपण कामगंध सापळ्याने भुलवतो, तसाच हा प्रकार.

पण सापळा चांगला दिसला म्हणून पीक वाचले असे होत नाही; वावरात पाहावे लागते. २०१४ साली क्रोएशिया देशातल्या डॉक्टरांनी ३०८ बायांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने मॅनोज घेणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे १५ जणींना दुखणे पुन्हा झाले, काहीच न घेणाऱ्यांपैकी सुमारे ६० जणींना. केवढा फरक! पण कोणाला पूड मिळते आणि कोणाला नाही, हे त्या बायांना ठाऊक होते. औषध मिळते आहे एवढ्या जाणिवेनेही माणसाचे सांगणे बदलते.

म्हणून ब्रिटनमध्ये पुढचा प्रयोग झाला. हे दुखणे पुन्हापुन्हा होणाऱ्या ५९८ बाया घेतल्या. काहींना रोज दोन ग्रॅम मॅनोज, काहींना तशीच दिसणारी साधी फळसाखर. कोणाला काय, हे कोणालाच सांगितले नाही. सहा महिन्यांनी पाहिले तर मॅनोज घेणाऱ्या शंभरात ५१ जणींना दुखणे पुन्हा झालेले, फळसाखर घेणाऱ्यांत ५६ जणींना. हा फरक धरण्याजोगा नव्हता. हा निकाल २०२४ साली छापून आला. तेव्हा घरखर्चातून वाचवलेला पैसा या पुडीवर घालण्यापूर्वी दहादा विचार करा.

आता जिला पैसा लागत नाही त्या वस्तूकडे या. २०१८ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हे दुखणे वर्षात तीनदा तरी झालेल्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० बाया होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना हे दुखणे सरासरी १.७ वेळा झाले, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे नुसत्या पाण्याने जवळपास निम्म्यावर आले.

वावरातली आपली बाई पाणी कमी का पिते? तहान लागत नाही म्हणून नव्हे. पाणी प्याले की जायला लागेल, आणि जायला आडोसा नाही. म्हणून ती घोटभर पिते, आणि आलेली लघवीही दाबून धरते. जंतूंना वाढायला याहून सोयीचे काय? तेव्हा घरधन्यांनो, हे तुमचेही काम आहे. धुऱ्याजवळ चार बल्ल्या रोवून जुन्या ताडपत्रीचा आडोसा करून द्या. निंदणाला बाया बोलावता तेव्हा पाण्याची भरलेली कॅन सावलीत ठेवा. निंदणाच्या मजुरीपुढे हा खर्च काहीच नाही.

बायांनी एवढे करावे. लघवी फिकट होईल इतके पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितले असेल तर तेवढेच. लघवी धरून ठेवू नये. शौचानंतर धुताना हात पुढून मागे न्यावा. नवरा-बायकोच्या संबंधानंतर लघवी करून यावे.

आणि जळजळ एका दिवसात थांबली नाही तर दवाखाना गाठावा. गर्भार बाई, मधुमेहाची बाई, लहान लेकरू आणि पुरुष यांनी तेवढीही वाट पाहू नये. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा कमरेत कळ, उलट्या असे झाले तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात; त्याच दिवशी निघावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचाराला पैसे पडत नाहीत. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग मंगरुळपीरचे ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरला सांगायला जड वाटत असेल तर गावच्या आशाताईला सांगा.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र पूर्ण घ्याव्यात. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवायच्या आणि पुढच्या वेळी जावेला द्यायच्या, हे करू नका. अर्धवट फवारणीने किडी औषधाला कशा निबर होतात, हे कपाशी पेरणाऱ्याला सांगायला नको. जंतूही तसेच निबर होतात.

काकींनी दिलेली खडीसाखर मायेची होती. पुढच्या वेळी त्यांनी एवढेच आणखी म्हणावे: "पानी पी माय, अन् उद्या उतरलं नाही तर चाल, मी येतो तुह्यासंगं दवाखान्यात."