सांघिक स्पर्धात्मक खेळातील खेळाडूकेंद्री प्रशिक्षण : न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा अनुभव

प्रस्तावना :
सांघिक खेळात प्रशिक्षकाची सूचना मैदानापर्यंत पोहोचेपर्यंत खेळाची स्थिती बदललेली असते. निर्णय अखेर खेळाडूलाच घ्यावा लागतो. तरीही सरावात प्रशिक्षकाने सांगावे व खेळाडूंनी पाळावे, हीच पद्धत रूढ आहे. प्रस्तुत लेखात न्यूझीलंडच्या पुरुष रग्बी संघाच्या (ऑल ब्लॅक्स) आधारे खेळाडूकेंद्री प्रशिक्षणाच्या अंमलबजावणीचे विवेचन केले आहे.

संकल्पना :
न्यूझीलंडमधील अभ्यासक लिन किडमन यांनी २००५ मधील ग्रंथात या संकल्पनेची सविस्तर मांडणी केली. प्रश्नांद्वारे शिकविणे, प्रत्यक्ष खेळासारख्या प्रसंगांतून सराव आणि सर्वांनी मिळून घडविलेली संघसंस्कृती, हे तिचे तीन आधार होत. येथे प्रशिक्षकाचे काम कमी होत नाही. त्याचे स्वरूप बदलते.

अंमलबजावणी :
२००४ मध्ये ग्रॅहम हेन्री यांच्या मार्गदर्शनाखाली हा संघ त्रिराष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या क्रमांकावर राहिला. त्यानंतर ज्येष्ठ खेळाडूंचा नेतृत्वगट स्थापून संघाचे नियम व डावपेच ठरविण्यात त्यांना वाटा देण्यात आला. सामन्यापूर्वीचे भाषण कोणासाठी असते, खेळाडूंसाठी की स्वतः प्रशिक्षकासाठी, अशा आशयाचा प्रश्न कर्णधार ताना उमागा यांनी हेन्री यांना विचारला. हेन्री यांनी ती प्रथाच बंद केली.

मर्यादा :
२००७ च्या विश्वचषकात कार्डिफ येथे उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने या संघाला २०-१८ असे हरविले. अखेरच्या मिनिटांत ड्रॉप गोलचा पर्याय उपलब्ध असूनही त्याचा प्रभावी उपयोग झाला नाही. अधिकार मिळाला म्हणजे दडपणाखाली तो वापरता येतोच असे नाही, हे यातून दिसते. टीका होऊनही हेन्री यांना पदावर कायम ठेवण्यात आले. पुढील काळात दडपणाखालील निर्णयक्षमतेचा स्वतंत्र सराव करण्यात आला. २०११ मध्ये ऑकलंड येथील अंतिम सामन्यात त्याच फ्रान्सविरुद्ध संघाने ८-७ ही निसटती आघाडी टिकवून विश्वचषक जिंकला. या यशाचे सारे श्रेय एका पद्धतीला देता येणार नाही. मात्र पराभवानंतरही ती सोडून दिली गेली नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

निष्कर्ष :
आपल्या महाविद्यालयीन कबड्डीत चढाई करणाऱ्याला ३० सेकंदांत एकट्याने निर्णय घ्यावा लागतो. सरावात ज्याला कधी विचारलेच नाही, त्याने सामन्यात अचूक विचार करावा, ही अपेक्षा अन्यायकारक आहे. प्रारंभ लहान असावा : सरावाचा काही वेळ खेळाडूंच्या नियोजनासाठी राखावा आणि चूक झाल्यावर उत्तर देण्याआधी प्रश्न विचारावा. त्यासाठी एखादा सामना गमावण्याची तयारी प्रशिक्षकाने व संस्थेनेही ठेवली पाहिजे.