तीन विरुद्ध एक

मुंबईच्या शिसवी फर्निचरचं कौतुक आता सगळ्यांना पाठ आहे: 19व्या शतकातली साहेबी घडण, त्यावर गच्च देशी नक्षी, मेडोज स्ट्रीटवरची दुकानं, पारशी दिवाणखाने, चोरबाजारातले भाव. दुरुस्तीच्या कारखान्यात मात्र तसल्या सोफ्याला सगळे नुसतं ‘धूड’ म्हणतात.

एकदा सिंहाच्या पंजांचं टेबल आलं. चारांतला एक पाय मोडका. बाकी तिघांना चार-चार नख्या, म्हणून मिस्त्रींनी चौथाही तसाच कोरला. लाकूड मोडीत निघालेल्या पलंगाच्या खुराचं. नवं शिसव जांभळट दिसतं, जुन्यात मिसळत नाही. रंग जुळला, रेषा जुळल्या. टेबल न्यायला मालकीणबाई आल्या त्या रुमालात बांधलेला मूळ पंजा घेऊन. आजेसासूंच्या पेटीत सापडलेला. त्याला नख्या पाच! म्हणजे अस्सल होता तोच मोडला, आणि इतकी वर्षं मिरवले ते तिघे कुणा जुन्या दुरुस्तीतले. बाईंनी पंजा पुन्हा रुमालात बांधला. “तीन विरुद्ध एक,” म्हणाल्या.

जुने कारागीर सांधा सरसाने जोडत. वाफ दिली की शंभर वर्षांचा सांधाही सुटतो, कोरीव पान अख्खं हातात येतं. छळतात ते मधल्या काळातले हितचिंतक. पांढरा गोंद ओततात, तेवढ्यानं भागलं नाही तर वर खिळा. द्राक्षाच्या घोसात दडलेल्या अशाच एका खिळ्यावर पटाशीची धार गेली, तेव्हा मिस्त्रींनी त्या अज्ञात इसमाच्या सात पिढ्या उद्धरल्या. मालकांनी खिळा हातात घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. “अहो, हा बाबांनी ठोकलेला!” मिस्त्रींना एकदम चहाची आठवण झाली.

कोरणारा म्हणतो, पॉलिशवाला बारीक नक्षी लाखेने बुजवतो. पॉलिशवाला म्हणतो, हा खाचेत भुसा ठेवून जातो. ऐन जुलैत एका आरशाच्या चौकटीवर ही जुगलबंदी रंगली. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडलं, मोर दुधात बुचकळल्यासारखे दिसू लागले. स्पिरिटचा हलका हात फिरवला की हे बहुधा उतरतं. पण आधी गुन्हेगार ठरायला हवा होता. एकाच्या मते लाकूड ओलं, दुसऱ्याच्या मते स्पिरिटमध्ये पाणी. तेवढ्यात गिऱ्हाईक दारात. चौकटीकडे बघतच राहिले. “व्वा, आता कसं जुनं दिसतंय! हात लावू नका.”

पॉलिशवाल्याने बिलात ‘अँटिक फिनिश’चे जादा पैसे लावले. कोरणाऱ्याने त्यात वाटा मागितला, लाकूड ओलं होतं म्हणून.