निंदताना खोडाकडेही पाहा

मैत्रिणींनो, सोयाबीनचं निंदण आपण करतो. म्हणून खोडात शिरलेली कीड सगळ्यांत आधी आपल्यालाच दिसू शकते. पान खाणारी अळी लगेच नजरेत भरते, पण खोडातली दिसत नाही. वरून वावर हिरवंगार, अन् शेंगा मात्र भरत नाहीत.

आपल्या अमरावती-अकोल्याकडे अशा दोन किडी आहेत.

चक्रीभुंगा : मादी देठावर, फांदीवर किंवा खोडावर दोन गोल खाचा करते आणि मधल्या जागेत अंडी घालते. खाचेच्या वरचा भाग सुकतो. हिरव्या तासात एखादंच पान मान टाकून दिसलं की वाकून पाहा. अळी आतून पोखरत खाली जाते.

खोडमाशी : लहान, चमकदार काळी माशी. झाड उपटून खोड उभं चिरा. आत लालसर, नागमोडी बोगदा दिसला तर हीच. लहान रोपं यानं मरतात.

काय करायचं?

• खाचा दिसल्या की खालच्या खाचेच्याही खालून तोडा. पिशवीत गोळा करून नष्ट करा, धुऱ्यावर फेकू नका. दर आठ-दहा दिवसांनी परत पाहा.

• सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. ५ किलो निंबोळीचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा आणि १०० लिटर पाणी करा. जून-जुलैत निंबोळ्या गटानं मिळून वेचल्या तर विकतचा खर्च वाचतो.

• एक मीटर तासात चक्रीभुंग्यानं धरलेली ३ ते ५ झाडं दिसली, किंवा १०० झाडांत १० ते १५ झाडांना खोडमाशी असली, तरच औषध घ्या. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी १० लिटर पाण्यात ३ मिली पुरते. मनानं दोन औषधं मिसळू नका. शंका असल्यास कृषी सहायकाला किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात विचारा.

• पुढच्या वर्षी पेरणीआधी बीजप्रक्रिया करा : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू खत. पेरणी दाट नको.

एक गोष्ट विसरू नका. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनं फवारणीला जाऊ नये. फवारलेल्या वावरात त्याच दिवशी निंदायला बोलावलं, तर एकटीनं नाही म्हणणं जड जातं; गटानं मिळून म्हणा. मजुरी उद्याही मिळेल.