स्वच्छमंडलाची चकती

डोळ्याच्या दर्शनी भागी असलेले पारदर्शक स्वच्छमंडल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. चष्म्याचा नंबर घालविण्याच्या लेसिक शस्त्रक्रियेत त्याचा वरचा थर प्रथम सोडवावा लागतो. हवा शोषून घट्ट बसणाऱ्या कड्याने डोळा स्थिर धरतात. मग सुताराच्या रंध्याप्रमाणे सरकणारे मायक्रोकेराटोमचे पाते सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीची चकती कापते. असे उपकरण विसाव्या शतकाच्या मध्यास बोगोटा येथील होसे बाराकेर यांनी घडविले. चकती एका कडेस बिजागरीसारखी जोडलेलीच ठेवतात. ती उलटून आतील भागास लेसरने आकार देतात व पुन्हा जागी बसवितात. हल्ली ही चकती दुसऱ्या लेसरच्या सूक्ष्म बुडबुड्यांनीही सोडविली जाते. चकतीखाली पाव मिलिमीटरहून कमी जाडी उरल्यास डोळ्यातील दाबाने स्वच्छमंडल पुढे फुगण्याचा धोका वाढतो. म्हणून त्याची जाडी आधीच मोजणे अनिवार्य ठरते.