४८ + २७ = ६१५? गणिताच्या तासातली पहिली पाच मिनिटं का महत्त्वाची आहेत?

दुसरी-तिसरीच्या वह्यांमध्ये एक चूक अनेकदा दिसते. ४८ अधिक २७ या उभ्या मांडणीत मूल आठ आणि सात पंधरा लिहितं, चार आणि दोन सहा लिहितं आणि उत्तर येतं ६१५.

हातचा राहिला, हे झालं वरवरचं कारण. खरी अडचण वेगळी आहे. पन्नासच्या आतल्या दोन संख्या मिळून सहाशेच्या वर जाऊच शकत नाहीत, हे मुलाला खटकत नाही. हे खटकणं म्हणजेच संख्याज्ञान, अर्थात 'नंबर सेन्स'.

ते वाढवण्यासाठी अनेक शिक्षक तासाच्या सुरुवातीला पाच ते दहा मिनिटांचा छोटा सराव घेतात. त्यातला सर्वात प्रसिद्ध प्रकार म्हणजे 'नंबर टॉक'. १९९० च्या दशकात अमेरिकेत रूथ पार्कर आणि कॅथी रिचर्डसन यांनी तो विकसित केला.

नेमकं काय करतात?

वही-पेन्सिल बाजूला. फळ्यावर एकच गणित, तेही आडवं: ४८ + २७. उत्तर सापडलं की हात वर करायचा नाही, अंगठा छातीशी धरायचा. त्यामुळे 'बाई, मी सांगू?' असा गलका होत नाही आणि सावकाश विचार करणाऱ्या मुलांनाही वेळ मिळतो.

मग शिक्षक सगळी उत्तरं फळ्यावर लिहितात. चुकलेलीसुद्धा. आणि विचारतात, "कसं काढलंस?"

एक म्हणतो, चाळीस आणि वीस साठ, आठ आणि सात पंधरा, झाले पंच्याहत्तर. दुसरी म्हणते, सत्तावीसमधले दोन अठ्ठेचाळीसला दिले, पन्नास आणि पंचवीस. तिसरा पन्नास धरतो, सत्त्याहत्तर येतात, त्यातून जास्तीचे दोन काढतो. ६१५ म्हणणाऱ्याला तीन वाटा ऐकायला मिळतात आणि बऱ्याचदा तो स्वतःच उत्तर बदलतो.

लहान वर्गांत हेच ठिपक्यांच्या कार्डांनी किंवा शंभर मण्यांच्या माळेनं करता येतं.

मराठीत हे जास्त गरजेचं का?

'त्रेसष्ट' म्हणताना आधी तीन ऐकू येतात, मग साठ. लिहिताना मात्र आधी सहा. शिवाय 'त्रेसष्ट' या शब्दात 'साठ' मुलाला चटकन सापडत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनपद्धत आली आणि त्यावरून मोठा वाद झाला. अभ्यास गटाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलाची बाजू मांडली होती.

वाद कुणाच्याही बाजूनं सुटो, 'त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन' हे मुलानं रोज मोठ्यानं बोलणं, यासाठी पुस्तक बदलावं लागत नाही.

पणाला काय लागलंय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी अचूक करत होती, पण तशीच गणितं शाळेच्या पद्धतीनं दिली की अडखळत होती. शाळेतल्या मुलांचं नेमकं उलट होतं. म्हणजे एकाच देशात दोन गणितं आहेत आणि दोघांची भेट होत नाही. 'कसं काढलंस?' हा प्रश्न ती भेट घडवू शकतो.

पाढे बंद करायचे का?

नाही. पाढे आणि लेखी सराव हवाच. हा सराव त्यांच्या जोडीला आहे. तो आठवड्यातून एकदा तासभर घेण्यापेक्षा रोज पाच मिनिटं घेतलेला बरा.

पालकांना घरीही करता येईल. भाजी घेताना विचारा: "३५ ची मेथी, २८ चे टोमॅटो. शंभराच्या नोटेतून किती परत?" उत्तर बरोबर आलं तरी थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा, "कसं काढलंस?"