परतीचं तिकीट

ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे 'हो'. ही साधी गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती, तर पहिल्या आठवड्यात माझ्या पोटाचे एवढे हाल झाले नसते. 'अजून वाढू का?' असं विचारल्यावर मी 'नाही' म्हणायला तोंड उघडायचे. समोरच्यांना त्यातला 'ने' तेवढा ऐकू यायचा आणि ताट पुन्हा भरायचं!

गोष्ट ऑगस्ट १९९४ ची. दहावीचा निकाल लागला होता आणि विद्यार्थी-विनिमय योजनेतून माझी एका वर्षासाठी ग्रीसला निवड झाली होती. मी सोळा वर्षांची. कल्याणच्या आमच्या दोन खोल्यांत नातेवाइकांची रीघ लागली. 'पोरीचं एक वर्ष फुकट जाणार' असं म्हणणारेच त्यात जास्त होते. आईने मेतकुटाची पुडी बॅगेत कोंबली, वडिलांनी पासपोर्ट आणि परतीचं तिकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिलं आणि सहार विमानतळावर सगळ्यांनी एकच वाक्य म्हटलं, 'पोचलीस की कळव.'

थेस्सालोनिकी हे ग्रीसमधलं अथेन्सच्या खालोखालचं मोठं शहर. समुद्र अगदी शेजारी आणि आकाश स्वच्छ असलं की खाडीपलीकडे ऑलिंपस पर्वत दिसतो. माझं घर कालामारिया या भागात होतं. घरात आई, वडील, माझ्याच वयाची मुलगी आणि आजी. ग्रीकमध्ये वडिलांना हाक मारायची ती 'बाबा' अशीच, तेव्हा ते सोपं गेलं. आईला मात्र 'मामा' म्हणायचं! तिला तशी हाक मारताना सुरुवातीला मला हसू आवरत नसे. आजी म्हणजे 'याया'.

शाळा दुपारी सुटायची आणि माझी ग्रीक बहीण जेवून लगेच क्लासला पळायची. विद्यापीठात प्रवेश मिळवण्यासाठी देशभर एकच परीक्षा आणि तिच्यासाठी घरोघरी खासगी क्लास. हे सगळं मला इतकं ओळखीचं वाटलं की इतक्या लांब आल्याचंच वाईट वाटलं. त्यामुळे दुपारी घरात मी आणि याया, दोघीच.

यायाशी माझी ओळख जरा विचित्रच झाली. पहिल्या संध्याकाळी बाबांनी तिला समजावलं की ही मुलगी 'आंदालायी'मधून आली आहे. आंदालायी म्हणजे विनिमय, अदलाबदल. तो शब्द ऐकताच शेंगा सोलणारा यायाचा हात थांबला. तिने काहीतरी विचारलं आणि सगळे गप्प झाले. बहिणीने नंतर मला इंग्रजीत सांगितलं, 'याया विचारत होती, हिला कोणी पाठवून दिलं? आणि हिच्या बदल्यात इथून कोणाला नेलं?'

हा प्रश्न का आला, ते कळायला मला बरेच दिवस लागले. जानेवारी १९२३ मध्ये लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात एक करार झाला. तुर्कस्तानातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांनी ग्रीसला जायचं आणि ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. बाकी कोणाला विचारलं नाही, सक्तीच होती. १९२२ च्या युद्धात आधीच पळून आलेले धरून सुमारे १२ लाख माणसं ग्रीसमध्ये आली आणि साडेतीन ते चार लाख तिकडे गेली. त्या कराराचं नावच मुळी 'आंदालायी'. कालामारिया ही वस्तीही या निर्वासितांनीच उभी केलेली.

याया १९२४ साली, नऊ वर्षांची असताना, मध्य तुर्कस्तानातल्या कापादोकियातून बैलगाडी आणि मग बोट असा प्रवास करून आली होती. गंमत म्हणजे, की दैवदुर्विलास म्हणा, तिच्या घरात तुर्की बोलत. अदलाबदल धर्म पाहून झाली होती, भाषा पाहून नव्हे. तिकडे ती ख्रिश्चन म्हणून परकी ठरली आणि इथे शाळेतली पोरं तिला 'तुर्कांचं बी' म्हणून चिडवू लागली.

कल्याणच्या माणसाला हे काही फार लांबचं नाही. १९४७ नंतर सिंधमधून आलेल्या माणसांची छावणी आमच्या शेजारीच, उल्हासनगरला वसली. आईबरोबर मी तिथे कापड घ्यायला कितीदा गेले होते. पण 'तुमचं गाव कुठलं?' असं एकाही दुकानदाराला विचारल्याचं मला आठवेना.

यायाच्या त्या तुर्कीनेच आमची गट्टी जमवली. एकदा ती खिडकी उघडत स्वतःशीच 'हावा' म्हणाली. मी म्हटलं, 'हवा?' तिने चमकून पाहिलं. मग आमचा खेळच सुरू झाला. दुकान, साबण, पडदा, मैदान, बाजार, दुनिया, दोस्त. उच्चार थोडे इकडेतिकडे, पण शब्द तिच्या तुर्कीत आणि माझ्या मराठीत तेच. फारसी-अरबीतून ते तिच्याकडे एका वाटेने आले, माझ्याकडे दुसऱ्या. तिच्या मुलाला न समजणारे शब्द कल्याणच्या पोरीला समजतात, याचा तिला केवढा आनंद!

माझ्या न खाण्याचा प्रश्नही तिनेच सोडवला. मांस का खात नाही, हे मामाला पटेना. यायाने निकाल दिला, 'मुलगी उपवास करते.' ग्रीक घरात या वाक्यापुढे बोलायची सोय नसते. पुढे ईस्टरआधीच्या उपवासात अख्खं घर डाळी, पावटे आणि पालेभाज्यांवर आलं, तेव्हा ती माझ्याकडे पाहून मिस्कील हसली.

डिसेंबरात मात्र माझा धीर सुटला. वार्दारिस नावाचा बोचरा वारा सुटला होता, घरून तीन आठवडे पत्र नव्हतं आणि शाळेत काय चाललंय ते निम्मंही कळत नव्हतं. एका दुपारी मी बॅग काढून कपडे भरायला लागले आणि रडू लागले. याया दारात आली. तिने समजूत घातली नाही. 'तिकीट दाखव,' म्हणाली. मी ती प्लॅस्टिकची पिशवी दिली. तिला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. तिने जुलैच्या तारखेवर माझं बोट ठेवायला लावलं आणि विचारलं, 'तुझं घर जागेवर आहे? माणसं आहेत? मग रडतेस कशाला?'

मी बॅग रिकामी केली. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती मला तिकीट काढायला लावायची. ते जागेवर आहे ना, एवढंच बघायची.

२३ एप्रिल १९९५ ला ईस्टर होता. मध्यरात्री चर्चमधून पेटती मेणबत्ती वाऱ्यापासून जपत घरी आणली आणि बाबांनी तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढला. लाल अंडी एकमेकांवर आपटताना मी यायाला विचारलं, 'आता तर जाता येतं. गाव बघायला का नाही गेलीस?' ती म्हणाली, 'आमच्या घरात इकडून गेलेलं कोणीतरी राहत असेल. मी दारात उभी राहिले, तर त्या बाईला वाटेल, घर परत मागायला आले.'

जुलैत निघताना ती जिन्यापर्यंत आली. 'पोचलीस की कळव,' म्हणाली. अगदी आमच्या सहारसारखंच.

आणि मी कळवलं नाही. आल्या आल्या अकरावीचा प्रवेश, पाऊस, मैत्रिणी, कौतुकाची जेवणं. 'उद्या लिहू' म्हणता म्हणता सप्टेंबर संपत आला, तेव्हा कुठे मी पत्र टाकलं. उत्तर मामाने लिहिलं होतं. बाबांनी योजनेच्या कार्यालयात फोन करून मी सुखरूप असल्याची खात्री केली होती, पण यायाला ते पटलं नव्हतं. तीन महिने ती रोज पोस्टमनला विचारत होती. तिचं म्हणणं एकच, 'त्यांनी मुलीला घरी जाऊ दिलं नाही. आम्हालाही सांगितलं होतं, थोड्या दिवसांनी परत याल.' माझं पत्र तिने दोनदा वाचून घेतलं आणि देवाच्या तसबिरीमागे ठेवलं.

याया १९९७ मध्ये गेली.

आता माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ती सहलीला निघाली की 'पोचलीस की कळव' म्हणते, तेव्हा ती वैतागते. 'आई, फोनवर दिसतंच ना तुला मी कुठे आहे ते!' दिसतं, हे खरं. तरी मी म्हणते, 'तू कळव.'