जहाजातले चोरटे प्रवासी

रिकामा ट्रक खाचखळग्यांतून जाताना कसा उसळतो, हे तुम्ही पाहिले असेलच. माल भरला की तोच ट्रक संथपणे जातो. जहाजाचेही तसेच आहे. माल उतरवलेले जहाज पाण्यावर उंच येते. त्याला पुढे ढकलणारा पंखा अर्धवट उघडा पडतो आणि वाऱ्यालाटांच्या माऱ्यात ते कलंडण्याचा धोका असतो. म्हणून रिकाम्या जहाजात मुद्दाम भार घालतात. या भाराला मराठीत 'नीरम' असा जुना शब्द आहे. इंग्रजीतून आलेला शब्द बॅलास्ट.

पूर्वी नीरम म्हणून दगड किंवा वाळू भरत. पुढे पोलादी जहाजे आली, पंप आले आणि समुद्राचेच पाणी खास टाक्यांत भरण्याची सोय झाली. माल उतरला की पाणी आत घ्यायचे, माल चढू लागला की बाहेर सोडायचे. १९७० च्या दशकात गोव्याच्या मुरगाव बंदरातून लोहखनिज जपानला जाई. ते न्यायला रिकामी येणारी जहाजे असेच पाणी भरून येत. म्हणजे खनिज तिकडे गेले आणि दूरच्या समुद्राचे पाणी इकडे आले!

पाणी आले तर बिघडले कुठे?

बिघडते ते पाण्यामुळे नव्हे, त्यातल्या जीवांमुळे. समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती, जंतू, शिंपल्यांची व खेकड्यांची पिल्ले असे असंख्य जीव असतात. आपल्या घरी त्यांना खाणारे शत्रू असतात, म्हणून त्यांची संख्या आटोक्यात राहते. परक्या बंदरात तो शत्रू नसला तर?

काळ्या समुद्रात हेच घडले. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा नेमिऑप्सिस हा जेलीसारखा पारदर्शक प्राणी १९८० च्या दशकाच्या आरंभी तेथे पोहोचला. तो नीरमाच्या पाण्यातून आला असावा, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथे त्याला आवर घालणारे कोणी नव्हते. आपल्या मांदेलीच्या कुळातल्या अँकोव्ही माशांचे अन्न आणि त्यांची अंडी-पिल्ले तो फस्त करू लागला. मासेमारीचा अतिरेक आधीपासून होताच. दशकाच्या अखेरीस अँकोव्हीची मासेमारी कोसळली आणि कोळ्यांची जाळी रिकामी येऊ लागली.

आधी गाळणी

मग उपाय काय? पहिला उपाय गाळण्याचा. पाणी टाकीत जाण्यापूर्वी बारीक जाळीतून जाते. जाळीची छिद्रे साधारण ४० ते ५० मायक्रॉनची असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा! जाळी गाळाने भरली की पाण्याचा उलटा झोत सोडून ती आपोआप धुतली जाते आणि अडकलेले जीव त्याच बंदरात परत जातात. जिथले तिथेच राहिले, म्हणजे कोणाला उपद्रव नाही.

मग मिठाचे औषध

पण जंतू आणि सूक्ष्म वनस्पती या जाळीतून सहज निसटतात. त्यांच्यासाठी औषध हवे, आणि ते समुद्रातच आहे! एक लिटर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतले बहुतेक आपले नेहमीचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. या पाण्यातून वीज सोडली की धनाग्रापाशी क्लोरिन तयार होतो आणि ऋणाग्रापाशी हायड्रोजन व दाहक सोडा. क्लोरिन आणि सोडा मिळून सोडियम हायपोक्लोराइट बनते. विहिरीत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरचे हे भावंडच. ते टाकीतल्या जीवांना मारते. हायड्रोजन स्फोटक असल्यामुळे तो भरपूर हवेत मिसळून सुरक्षितपणे बाहेर सोडतात.

नदीच्या मुखाजवळच्या बंदरात मात्र पाणी गोडे असते. मीठ नाही, तर क्लोरिन कोठून येणार? म्हणून काही जहाजे खाऱ्या पाण्याचा साठा वेगळ्या टाकीत बाळगतात आणि तो वापरतात.

सोडताना सावध

जीव मारणारे पाणी तसेच बंदरात ओतले, तर तेथले मासेही मरतील! म्हणून पाणी सोडताना उरलेला क्लोरिन उपकरणाने मोजतात. तो जास्त असला तर सोडियम थायोसल्फेट मिसळून निष्प्रभ करतात. छायाचित्रे धुताना वापरतात तो 'हायपो' तो हाच.

हे सारे आता जहाजमालकांच्या मर्जीवर राहिलेले नाही. २००४ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार ८ सप्टेंबर २०१७ पासून अमलात आला. सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन व त्याहून मोठे जिवंत जीव दर घनमीटरला १० पेक्षा कमी असावेत, असे त्यात म्हटले आहे. त्याहून लहान जीवांसाठी आणि पटकीच्या जंतूंसारख्या रोगजंतूंसाठीही मर्यादा घालून दिल्या आहेत.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर आणि खिडक्या उघड्या ठेवून, मिठाच्या पाण्यात पेन्सिलीची दोन शिसे बुडवा. त्यांना ९ व्होल्टची बॅटरी जोडा. ऋण टोकाशी भराभर बुडबुडे येतील, तो हायड्रोजन. थोड्याच वेळात पाण्याला ब्लीचिंग पावडरसारखा वास येईल. मग बॅटरी लगेच काढा. जहाजावरचे अवाढव्य यंत्र याच तत्त्वावर चालते. जेवणातले चिमूटभर मीठ समुद्राचा पहारेकरीही होऊ शकते, हे आता पटले ना?